थंडरबर्ड आणि ट्रेमधले मेल-सूचक एकाच वेळी चालत नाहीत

अर्धविराम (धागाकर्ती)

माझ्या संगणकावर विंडोज ११ असून मेलसाठी मी थंडरबर्ड वापरते. खाते पॉप३ पद्धतीचे आहे, कारण पत्रे सर्व्हरवर न ठेवता स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेणे मला सोयीचे वाटते. त्याच्या जोडीला घड्याळाशेजारी, सिस्टिम ट्रेमध्ये, एक जुनी छोटी युटिलिटी चालते. ती दर मिनिटाला मेलबॉक्स तपासून नव्या पत्रांचा आकडा आयकॉनवर दाखवते आणि नको असलेले पत्र उतरवण्याआधीच सर्व्हरवरून पुसण्याची सोय देते. शिवाय थंडरबर्डची खिडकी मिनिमाइझ केली की तीही ट्रेमध्ये नेऊन ठेवते.

ही जोडी बराच काळ सुरळीत चालली. आता मात्र थंडरबर्ड अधूनमधून पासवर्ड पुन्हा मागते. पासवर्ड बरोबर असतो. तोच पुन्हा टाकला की कधी चालतो, कधी चालत नाही. काही वेळा मेलबॉक्स दुसऱ्या कोणाच्या वापरात असल्याचा संदेश येतो. संगणक झोपेतून उठवल्यावर हा प्रकार हमखास होतो आणि मग काही वेळ गेल्यावर सारे आपोआप सुरळीत होते. याखेरीज मिनिमाइझ केलेली खिडकी कधीकधी परत येतच नाही. ट्रेमधला आयकॉनही नाहीसा झालेला असतो.

पासवर्ड बदलून पाहिला, फायरवॉलमध्ये दोन्ही प्रोग्रामना परवानगी असल्याची खात्री केली आणि थंडरबर्ड काढून पुन्हा बसवले. फरक पडला नाही. दोष थंडरबर्डचा, युटिलिटीचा की सर्व्हरचा, हे कसे ठरवावे?

पाणकावळा

नवे प्रोफाइल (थंडरबर्ड आपली खाती, पत्रे आणि सेटिंग्ज ठेवते ते फोल्डर) तयार करून त्यात खाते पुन्हा जोडून पाहा. जुने प्रोफाइल बिघडले असेल तर पासवर्ड वारंवार मागितला जातो. प्रोग्राम काढून पुन्हा बसवल्याने प्रोफाइलला धक्का लागत नाही, त्यामुळे ती कसरत व्यर्थच जाते.

मूळाक्षर

प्रोफाइलला हात लावण्याची घाई करू नये असे मी सुचवेन. पासवर्ड पुन्हा मागितला जाणे आणि मेलबॉक्स वापरात असल्याचा संदेश येणे ही एकाच कारणाची दोन रूपे दिसतात, आणि ते कारण पॉप३ च्या घडणीतच आहे.

पॉप३ ची आज प्रचलित असलेली व्याख्या मे १९९६ च्या आरएफसी १९३९ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात दिलेली आहे. तिच्यानुसार एखाद्या प्रोग्रामची ओळख पटली की सर्व्हर त्या मेलबॉक्सला कुलूप लावतो, आणि तो प्रोग्राम निरोप घेऊन बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या कोणालाही आत घेत नाही. हे कुलूप मुद्दामच ठेवलेले आहे. सत्राच्या, म्हणजे अशा एका भेटीच्या, सुरुवातीला सर्व्हर पत्रांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतो आणि पुढच्या सर्व आज्ञा त्याच क्रमांकांवर चालतात. मध्येच दुसऱ्याने पत्र पुसले आणि क्रमांक सरकले, तर तिसरे पत्र पुसायला निघालेल्या प्रोग्रामच्या हातून चौथे पुसले जाईल. आपली युटिलिटी तर पत्रे पुसण्याचीही सोय देते, त्यामुळे तिला हे कुलूप लागू होणे सर्वस्वी योग्य आहे.

आता पासवर्डाविषयी. पासवर्ड पाठवण्याच्या ‘पास’ या आज्ञेला सर्व्हर दोन वेगवेगळ्या कारणांसाठी नकार देऊ शकतो: पासवर्ड चुकीचा असणे, किंवा पासवर्ड बरोबर असूनही कुलूप न मिळणे. मूळ व्याख्येत दोन्ही नकारांची सुरुवात ‘ईआरआर’ या एकाच उत्तराने होते. पुढचे वाक्य माणसाने वाचण्यासाठी असते आणि प्रत्येक सर्व्हर ते आपल्या शब्दांत लिहितो. त्यामुळे मेल प्रोग्रामला नकाराचे कारण खात्रीने कळत नाही आणि पासवर्डच चुकला असे धरून तो आपल्याला पुन्हा विचारतो. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९८ च्या आरएफसी २४४९ मध्ये चौकटी कंसातले ‘इन-यूज’ हे सांकेतिक उत्तर आले, आणि २००२ च्या आरएफसी ३२०६ मध्ये पासवर्डाच्या नकारासाठी ‘ऑथ’ हे वेगळे उत्तर ठरवले गेले. मात्र ही उत्तरे देणे सर्व्हरवर बंधनकारक नाही.

थोडक्यात, युटिलिटी आत असताना थंडरबर्ड दार ठोठावत असावे. हा अद्याप तर्कच आहे, पण तो पडताळता येतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून संगणकाच्या चालू जोडण्यांची यादी देणारी ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘एएनओ’ या पर्यायांसह चालवावी आणि शेवटी २ हा आकडा द्यावा, म्हणजे दर दोन सेकंदांनी यादी नव्याने येत राहील. परकीय पत्त्याच्या रकान्यात ९९५ हा पोर्ट (सुरक्षित पॉप३ चा क्रमांक) असलेल्या ओळी पाहाव्यात. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यातला क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावरील पीआयडीशी, म्हणजे चालू प्रोग्रामच्या ओळख-क्रमांकाशी, जुळवला की जोडणी कोणत्या प्रोग्रामची आहे ते कळेल.

अर्धविराम

आपण सांगितल्याप्रमाणे केले. ९९५ पोर्टच्या ओळी दोन वेगवेगळ्या पीआयडींच्या नावे येतात. एक थंडरबर्डचा आणि दुसरा युटिलिटीचा. युटिलिटीची ओळ साधारण मिनिटाच्या अंतराने ‘एस्टॅब्लिश्ड’ अशी उमटते, काही क्षण टिकते आणि मग ‘टाइम वेट’ अशी बदलते. या बदललेल्या ओळीपुढे मात्र पीआयडी शून्य दिसतो. हा कोणी तिसराच प्रोग्राम तर नव्हे?

मूळाक्षर

नव्हे. जोडणी बंद करणाऱ्या बाजूला तिची नोंद काही काळ जपून ठेवावी लागते, आणि तोवर मूळ प्रोग्रामचा तिच्याशी संबंध संपलेला असतो. म्हणून विंडोज अशा ओळीपुढे शून्य दाखवते. या ओळी सोडून द्याव्यात.

आता दुसरी बाजू तपासू. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत खाली कॉन्फिग एडिटर आहे. त्यात ‘मेलन्यूज डॉट पॉप३ डॉट लॉगलेव्हल’ या नोंदीचे मूल्य ‘ऑल’ असे करावे आणि कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून एरर कन्सोल उघडावा. थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्यातला संवाद तेथे ओळीओळीने दिसतो. नकाराच्या ओळीत ‘इन-यूज’ आहे की अन्य काही, एवढेच आम्हांला सांगावे. संपूर्ण लॉग येथे डकवू नये, कारण त्यात आपला मेलचा पत्ता असतो.

अर्धविराम

नकाराच्या ओळीत चौकटी कंसात ‘इन-यूज’ असेच आहे. त्यापुढे मेलबॉक्स दुसऱ्या सत्राने अडवून ठेवल्याचे लिहिले आहे. युटिलिटी पूर्ण बंद ठेवून दिवसभर काम केले तेव्हा ती ओळ एकदाही आली नाही आणि पासवर्डही मागितला गेला नाही. कारण निश्चित झाले, पण दोन प्रश्न उरतात. इतका काळ हे सुरळीत कसे चालले होते? आणि युटिलिटीची जोडणी काही क्षणांचीच असेल, तर झोपेतून उठवल्यावर एवढा वेळ का अडते?

दिवटा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्व्हरच्या बाजूला आहे. आरएफसीमध्ये कुलूप सांगितले असले तरी प्रत्यक्षात सगळे सर्व्हर ते संपूर्ण सत्रभर धरून ठेवतात असे नाही. डव्हकॉट हे मेल सर्व्हरचे बरेच वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे आणि त्यात सत्रभर कुलूप ठेवण्याची सोय एका स्वतंत्र पर्यायाने चालू करावी लागते. मुळात ती बंद असते. अशा सर्व्हरवर दोन प्रोग्राम एकाच वेळी आत गेले तरी तक्रार येत नाही. सेवा देणाऱ्याने सर्व्हर बदलला किंवा तो पर्याय चालू केला की ग्राहकाच्या संगणकावर कशालाही हात न लावता त्रास सुरू होतो, आणि बिचारा ग्राहक आपल्या प्रोग्रामांतच दोष शोधत बसतो.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. संगणक झोपी गेला त्या क्षणी युटिलिटीची जोडणी उघडी असेल, तर तिला निरोप घेण्याची, म्हणजे ‘क्विट’ ही आज्ञा पाठवण्याची संधीच मिळत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने ती अजून आतच असते आणि कुलूप लागलेले राहते. अशा मूक जोडण्या सोडवण्यासाठी सर्व्हरकडे निष्क्रियतेचे घड्याळ असते, पण आरएफसी १९३९ नुसार ते किमान १० मिनिटांचे असलेच पाहिजे. संगणक झोपवून लगेच उठवला, तर ही मुदत संपेपर्यंत सर्व्हर थंडरबर्डलाच नव्हे, खुद्द युटिलिटीच्या नव्या जोडणीलाही परत पाठवतो.

याचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा. पॉप३ मध्ये पुसण्याची आज्ञा दिली की पत्र केवळ पुसण्यासाठी खुणावले जाते. प्रत्यक्ष पुसले जाते ते ‘क्विट’नंतर. निष्क्रियतेमुळे सत्र तुटले तर सर्व्हरने काहीही पुसू नये असा नियम आहे. म्हणून युटिलिटीतून काढून टाकलेली पत्रे कधीकधी पुन्हा हजर झालेली दिसतात. तसे आपल्याकडे घडत होते का?

अर्धविराम

घडत होते! मी तो वेगळाच दोष समजत होते, म्हणून येथे लिहिला नाही.

शेवाळ

एवढा खटाटोप करण्यापेक्षा आयमॅप, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत, का घेत नाही? त्यात कुलपाची भानगडच नाही.

दिवटा

आयमॅपमध्ये एकाच मेलबॉक्सवर अनेक प्रोग्राम एकाच वेळी काम करू शकतात हे खरे, आणि १९९७ च्या आरएफसी २१७७ मधल्या ‘आयडल’ या सोयीमुळे दर मिनिटाला दार ठोठावण्याचीही गरज उरत नाही. पत्र आले की सर्व्हरच कळवतो. जोडणी तुटू नये म्हणून प्रोग्रामने २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा द्यावी, एवढीच अपेक्षा असते. मात्र तेथेही दोन प्रोग्राम एकमेकांच्या आड येऊ शकतात, फक्त वेगळ्या रीतीने. थंडरबर्ड एका खात्यासाठी मुळात पाचपर्यंत जोडण्या उघड्या ठेवते. त्यात फोन आणि सूचक यांची भर पडली की सेवा देणाऱ्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जीमेलवर ती एका खात्यासाठी एकाच वेळी १५ जोडण्यांची आहे.

शिवाय धागाकर्तीला पत्रे सर्व्हरवर ठेवायची नाहीत. त्यांच्या गरजेला पॉप३ योग्य आहे, आणि युटिलिटी आवरता येत असताना केवळ तिच्यासाठी खात्याची पद्धत बदलणे मला उलटे वाटते.

खिडकीपाशी

खिडकी नाहीशी होण्याच्या तक्रारीविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. तिचा मेलबॉक्सच्या कुलपाशी काही संबंध नाही. दोन्ही त्रास एकाच युटिलिटीतून येतात, एवढेच.

दुसऱ्या प्रोग्रामची खिडकी ट्रेमध्ये ‘नेणाऱ्या’ युटिलिटी प्रत्यक्षात ती कोठेही नेत नाहीत. त्या खिडकीला लपण्याची आज्ञा देतात आणि तिच्या बदली स्वतःच्या नावावर एक आयकॉन ट्रेमध्ये लावतात. तो आयकॉन थंडरबर्डचा दिसला तरी मालकी युटिलिटीची असते. युटिलिटी कोसळली की आयकॉन जातो, खिडकी मात्र लपलेलीच राहते, कारण तिला पुन्हा दाखवणारा कोणी उरत नाही. थंडरबर्ड बिचारे आत व्यवस्थित चालू असते. टास्क मॅनेजरमध्ये ते दिसेल आणि नवी पत्रे उतरवतही असेल.

आयकॉन जाण्याचे दुसरे कारण म्हणजे विंडोज एक्सप्लोरर पुन्हा सुरू होणे. टास्कबार आणि ट्रे दोन्ही एक्सप्लोररच्या ताब्यात असतात. तो कोसळून पुन्हा उभा राहिला की ट्रे रिकामा असतो, आणि सर्व प्रोग्रामांच्या मुख्य खिडक्यांना ‘टास्कबार क्रिएटेड’ असा संदेश पाठवला जातो. तो ऐकून प्रत्येक प्रोग्रामने आपला आयकॉन पुन्हा लावायचा असतो. अनेक जुन्या युटिलिटी हा संदेश ऐकतच नाहीत. काही ऐकतात, पण त्या ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवलेल्या असल्या तर संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण कमी अधिकाराच्या प्रोग्रामाने अधिक अधिकाराच्या प्रोग्रामाला पाठवलेले बहुतेक संदेश विंडोज व्हिस्टापासून अडवले जातात आणि एक्सप्लोरर सामान्य अधिकाराने चालतो. आपली युटिलिटी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू होते का, ते तिच्या शॉर्टकटच्या ‘कॉम्पॅटिबिलिटी’ पानावर पाहावे.

हरवलेली खिडकी परत मिळवण्यासाठी प्रथम युटिलिटी पुन्हा सुरू करून पाहावी. काही युटिलिटींना लपवलेल्या खिडक्यांची यादी आठवते. ते न जमल्यास टास्क मॅनेजरमधून थंडरबर्ड बंद करावे लागते, परंतु पत्रे उतरत असताना किंवा फोल्डर कॉम्पॅक्ट होत (पुसलेल्या पत्रांची जागा मोकळी होत) असताना ते करू नये. शक्य असेल तर थोडे थांबून, डिस्कची हालचाल शांत झाल्यावरच बंद करावे.

मुळात आता या उसन्या सोयीची गरज नाही. २०२० मध्ये आलेल्या ७८ या आवृत्तीपासून विंडोजवरील थंडरबर्डमध्येच मिनिमाइझ केल्यावर ट्रेमध्ये जाण्याचा पर्याय आहे. सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर तो सापडेल. मात्र युटिलिटीतली तीच सोय आधी बंद करावी. दोघांनीही एकाच खिडकीला लपवायला सुरुवात केली, तर एकाच्या आयकॉनवर क्लिक केल्यावर दुसऱ्याची समजूत चुकते.

पाणकावळा

विंडोज ११ मध्ये नवा आयकॉन घड्याळाशेजारी न दिसता वरच्या बाणाच्या चिन्हाखाली दडलेला असतो, हेही सांगायला हवे. तो बाहेर काढण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘टास्कबार’ आणि त्यात ट्रेच्या इतर आयकॉनांची यादी उघडावी.

अर्धविराम

युटिलिटीच्या शॉर्टकटवर अॅडमिनिस्ट्रेटरची खूण होती. ती काढली आहे. तिची खिडकी लपवण्याची सोय बंद करून थंडरबर्डचा स्वतःचा पर्याय चालू केला आणि खिडकी आता व्यवस्थित जाते-येते. आयकॉन सुरुवातीला बाणाखालीच दडला होता, हे पाणकावळा यांनी वेळीच सांगितले.

मेलबॉक्सविषयी मात्र निर्णय होत नाही. उतरवण्याआधी पत्र पाहून पुसण्याची सोय मला सोडवत नाही, कारण मोठ्या जोडपत्रांची नको असलेली पत्रे मला बरीच येतात. युटिलिटी दर मिनिटाऐवजी दर १५ मिनिटांनी तपासेल असे केले तर पुरेल का?

मूळाक्षर

पुष्कळ अंशी पुरेल, पण माझ्या मते त्याहून नेटकी व्यवस्था उपलब्ध आहे. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘फक्त हेडर उतरवा’ असा पर्याय पॉप३ साठी दिलेला आहे. तो चालू केला की पाठवणारा आणि विषय एवढेच खाली येते, आणि पूर्ण पत्र हवे असेल तरच ते मागवता येते. त्याच खात्याच्या ‘डिस्क स्पेस’ या वेगळ्या पानावर ठरावीक आकाराहून मोठी पत्रे न उतरवण्याचा पर्याय आहे. आपली गरज मोठ्या जोडपत्रांची असल्यामुळे दुसरा पर्याय अधिक सोयीचा ठरावा. मोठ्या पत्राचा सुरुवातीचा भाग तेवढा येतो आणि उरलेले उतरवण्याची लिंक त्यात दिसते.

असे केल्यास युटिलिटीकडे आकडा दाखवण्याखेरीज काम उरत नाही, आणि न वाचलेल्या पत्रांचा आकडा थंडरबर्डच्या अलीकडच्या आवृत्त्या टास्कबारवरच्या आपल्या बटणावर दाखवतात. युटिलिटी पूर्णपणे काढून टाकायची नसेल तर निदान टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावरून तिला बंद ठेवावे, म्हणजे लॉगिन होताच दोघांची एकदमच धाव सुरू होणार नाही.

दिवटा

त्यात एक भर घालतो. दर मिनिटाला तपासणे हे सर्व्हरलाही मान्य नसू शकते. आरएफसी २४४९ मध्येच ‘लॉगिन डिले’ अशी तरतूद आहे: दोन लॉगिनमध्ये किमान किती सेकंद जायला हवेत ते सर्व्हर जाहीर करू शकतो आणि त्याआधी आलेल्याला परत पाठवू शकतो. एरर कन्सोलमध्ये, सर्व्हरच्या सोयी विचारणाऱ्या ‘कापा’ या आज्ञेला सर्व्हरने दिलेल्या उत्तरात अशी ओळ दिसली, तर तिच्यातल्या आकड्याहून कमी अंतर कोणत्याही प्रोग्राममध्ये ठेवू नये. थंडरबर्डचे मूळ अंतर १० मिनिटांचे आहे आणि मी ते कधी बदललेले नाही.

निरंतर

माझी अडचण याच जातीची आहे, परंतु माझ्याकडे कोणतीही ट्रे युटिलिटी नाही. एकच पॉप३ खाते दोन संगणकांवर जोडलेले असून दोन्हींकडे पत्रे सर्व्हरवर राहू देण्याचा पर्याय चालू आहे. ‘इन-यूज’ अधूनमधून येते, पण नेटस्टॅटमध्ये ९९५ ची ओळ केवळ थंडरबर्डचीच दिसते.

मूळाक्षर

दुसरी जोडणी दुसऱ्या संगणकावर असल्यामुळे ती आपल्या नेटस्टॅटमध्ये दिसणार नाही; त्या वेळी तेथे पाहिल्यास दिसेल. दोन्ही संगणक साधारण एकाच वेळी सुरू होत असतील आणि दोन्हींकडे अंतर १० मिनिटांचे असेल, तर ते दर वेळी एकाच क्षणाच्या आसपास सर्व्हरकडे जातात. एकाकडे ७ आणि दुसऱ्याकडे ११ मिनिटे ठेवावीत, म्हणजे ते क्वचितच समोरासमोर येतील. तरीही नकार मिळाल्यास पासवर्डाची चौकट रद्द करावी; पुढच्या तपासणीला थंडरबर्ड साठवलेला पासवर्ड पुन्हा वापरते. त्या चौकटीत घाईने काही टाइप केले आणि तेच साठवले गेले, तर मात्र नंतर येणारा नकार खरोखरच चुकीच्या पासवर्डाचा असेल.